विचारा, सांगते : आपलंच सॉफ्टवेअर, आणि शोधायचं नेटवर?

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच विषयाभोवतीची निघाली, म्हणून ती एकत्र घेते. माझा या विषयातला अधिकार एवढाच, की पंचवीस वर्षं बेळगावच्या टिळकवाडीतल्या दोन खोल्यांत बसून मी पतसंस्थांची सॉफ्टवेअरं लिहिते आहे. स्वतः हाताळलेलं तेवढंच सांगेन.

प्रश्न : ताई, मी खानापूरची. बेळगावात उद्यमबागेजवळच्या एका छोट्या कंपनीत तीन वर्षं काम करते. आमचं पिग्मीचं अ‍ॅप आहे. एजंट दुकानोदुकानी फिरून रोजची रक्कम घेतो आणि कमरेच्या छोट्या प्रिंटरवर जागेवरच पावती देतो. पावतीचा सगळा भाग मी लिहिलेला. गेल्या महिन्यात नव्या फोनला ब्लूटूथ प्रिंटर जोडेना, जुन्या फोनला व्यवस्थित जोडायचा. मी नेटवर शोधत बसले होते. मागून सर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आपणच केलेल्या वस्तूचं उत्तर बाहेर शोधतीस?" तेव्हापासून काही शोधायचं झालं तर मी खिडकी लहान करून कोपऱ्यात ठेवते. मला खरंच हे काम येत नाही का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी ती खिडकी मोठी कर. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या कोपऱ्यातल्या खिडकीपाशी थांबले.

तुझा प्रिंटर का जोडेना याचा अंदाज मला पत्रावरूनच आला, कारण आम्हीही तिथंच अडकलो होतो. अँड्रॉइड १२ आलं २०२१ साली. त्याच्या आधी, एकदा फोनशी जोडी लावलेल्या प्रिंटरकडे पावती पाठवायला अ‍ॅपला वापरणाऱ्याची वेगळी परवानगी विचारावी लागत नव्हती. अ‍ॅप उतरवलं की ती मिळालेलीच असायची. १२ पासून 'जवळपासच्या डिव्हाइसशी जोडू का?' असं विचारावं लागतं, आणि एजंटानं 'हो' म्हणावं लागतं. यातली खोच अशी, की तुमच्या कोडातली पावतीची एक ओळही बदललेली नसते. प्ले स्टोअर दरवर्षी सांगतं, की अ‍ॅप अलीकडच्या अँड्रॉइडसाठी बांधा. कुणीतरी अ‍ॅपच्या सेटिंगमधला अँड्रॉइडचा तेवढा एक आकडा वाढवतं, आणि नव्या फोनवर प्रिंटर मुका होतो. जुन्या फोनवर जुनाच नियम चालतो, म्हणून तिथं सगळं ठीक. आता सांग, हे तुझ्या कोडात डोकं खुपसून तुला कसं सापडणार होतं?

उद्यमबागेत मशीन बांधणारा कारखानदार बेअरिंग बाहेरून आणतो. मशीन आवाज करायला लागलं तर तो बेअरिंगवाल्यांचा कॅटलॉग उघडतोच. तुझ्या पावतीतही तुझं असं किती आहे? खातं शोधणं, रक्कम मांडणं, शिल्लक काढणं. फोन दुसऱ्याचा, त्यातली डेटाबेस तिसऱ्याची, प्रिंटरची भाषा चौथ्यानं ठरवलेली, एसएमएस पाठवणारे आणखी कुणी. या सगळ्यांचं कडबोळं आपण आपल्या नावानं विकतो. आपल्या नावाची वस्तू बिघडली आणि कारण आपल्या हाताबाहेरचं निघालं, असं माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा झालंय.

मी काम सुरू केलं तेव्हा, १९९९ मध्ये, शोधायची सोय नव्हती. फॉक्सप्रो हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर होतं, जाड पुस्तकं होती, आणि ओळखीतल्या जाणत्या माणसांचे फोन नंबर होते. एका सोसायटीत लाइट गेली आणि आली, तर चाळीसेक खातेदार यादीतून गायब. पैसे होते, नोंदी होत्या, यादीत नावं तेवढी नव्हती. इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची, बिघडलाय हे मला कळत होतं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पुन्हा पुन्हा 'रीइंडेक्स' करून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी रात्रीची पुण्याची एसटी धरली. तिथल्या एका जाणकारानं चहा संपायच्या आत सांगितलं : रीइंडेक्स बिघडलेल्या फायलीच्याच माथ्यावरची माहिती वापरतं, म्हणून ती फाइल पुसा आणि इंडेक्स नव्यानं बांधा. तिकिटाच्या पाठीवर दोन ओळी लिहून घेतल्या आणि परत आले. त्या दोन ओळींसाठी दोन रात्री गेल्या. ते सॉफ्टवेअर मीच लिहिलेलं होतं, आणि उत्तर पुण्यात होतं. कुणी मला 'तुला येत नाही' म्हटलं नाही. आज तीच पुण्याची फेरी तू खुर्चीत बसून करतेस.

आता दुसरी गोष्ट, आणि मला खरं तर तुला हीच सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी तुमच्याच तालुक्यातल्या एका सोसायटीतून फोन आला. "ताई, नाव घालतोय, पण माणूसच गावंना झालाय की." गोकाककडच्या एका शाखेतूनही तेच, कन्नडमधून : "अक्का, हेसर बरवल्दु." नाव येईना. मी यादी तपासली, सगळी नावं जागच्या जागी. माझ्याकडून शोधलं तर सापडत होती. मग मी नेटवर शोधायला बसले, आणि माझ्या भाषेत शोधत राहिले : युनिकोड, स्ट्रिंग, कंपॅरिझन, कोलेशन. तीन दिवस. मिळालं ते सगळं दुसऱ्यांच्या भाषांबद्दलचं.

चौथ्या दिवशी वैतागून तो क्लार्क जसं बोलला तसंच मराठीत टाइप केलं. 'पिग्मी नाव सापडत नाही', आणि पुढं आमच्या सॉफ्टवेअरचं नाव. पहिलाच एक चार मिनिटांचा व्हिडिओ आला. मोबाइल कुठंतरी टेकवून ठेवलेला. चित्रात फक्त एक हात, कीबोर्ड, शेजारी शाईचं पॅड आणि रबरी शिक्क्यांचा स्टँड. माणूस शांतपणे सांगत होता : "ह्यात कुऱ्हाडे घातलं तर गावत नाही. वऱ्हाडे पण नाही. नुसतं पहिलं अक्षर घाला, खाली यादी येती, त्यातनं उचला. नाहीतर नाव पुसून मोबाइलवरनं परत घाला, मग गावतंय."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी व्हिडिओ थांबवला. मोबाइलवरून घातलं की सापडतं, ऑफिसच्या संगणकावरून घातलं की नाही. अडचण नेमकी ऱ्ह मध्ये होती. हा अर्धा र मराठीत दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ, ज्याचा युनिकोडमधला (म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीतला) क्रमांक ०९३१, त्याला हलंत लावून. दोन, साधा र म्हणजे ०९३०, त्याला हलंत, आणि त्यापुढं डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला 'झीरो विड्थ जॉइनर' म्हणतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं ठरलेलं जे एकसारखं करून घ्यायचं तंत्र आहे, तेही या दोघांना एक करत नाही. मला स्वतः नियम लिहावा लागला : नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्यायचं. अकरा ओळींचं काम.

व्हिडिओवरची तारीख पाहिली. चौदा महिने जुना होता. म्हणजे चौदा महिने आमचेच ग्राहक आमच्या चुकीभोवती वाट काढून चालत होते, आणि ती वाट एकमेकांना दाखवत होते. मी त्या क्लार्कना फोन केला. कळवलं का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही कामात असताय, म्हटलं एवढ्यासाठी कशाला." त्या वाक्याचं मला फार वाईट वाटलं. आपली वस्तू वापरणारी माणसं आपल्याला त्रास नको म्हणून गप्प राहतात, आणि त्यांचं बोलणं आपल्याला नेटवर जाऊन ऐकावं लागतं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, इतर काही उघडायच्या आधी, मी आमच्याच सॉफ्टवेअरचं नाव टाकून शोधते. पुढं 'चालत नाही', 'अडकलं', 'पावती येत नाही', 'वेलांटी पळाली' असं एकेक लावत जाते.

(वेलांटी पळाली म्हणजे काय ते पिग्मीवाल्यांना सांगायला नको. स्वस्तातल्या प्रिंटरला देवनागरी जुळवता येत नाही, म्हणून 'कि' मधली वेलांटी क च्या मागं जाऊन बसते. अक्षरं न पाठवता पावतीचं चित्र करून पाठवायचं, हा त्यावरचा उपाय. ५८ मिलिमीटरच्या कागदावर आडवे ३८४ ठिपके मावतात, त्या मापाचं चित्र करायचं.)

तुझ्याबद्दल बोलायचं तर, शोधणं चूक नाही, पण शोधायला क्रम असावा. बाहेर जायच्या आधी घरात शोध. कोडातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट तुम्ही वापरत असणार. त्यात जुन्या नोंदींतून शब्द शोधता येतो, आणि एखादी ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली तेही निघतं. अँड्रॉइडचा तो आकडा कधी वाढवला ते तिथं पाहिलं असतंस तर तारखेवरून अर्धं उत्तर मिळालं असतं. नंतर बाहेर : चुकीचा संदेश जसाच्या तसा अवतरणचिन्हांत, त्यातून आपल्या फोल्डरांची नावं काढून, आणि सोबत अँड्रॉइडचा आकडा. त्यानंही भागलं नाही तर एजंटाच्या शब्दांत.

मिळालेल्या उत्तराची तारीख बघ, हे ब्लूटूथच्या बाबतीत तर फारच जपायचं. २०१७ चं उत्तर सांगेल, की लोकेशनची परवानगी मागा. त्या काळी आजूबाजूची डिव्हाइस शोधायला तीच लागायची, त्यामुळे ते उत्तर तेव्हा खरं होतं. आज ते चिकटवलंस तर एजंटाला उगाच वाटेल की आपण कुठं फिरतोय ते सोसायटीवाले बघतात. दुसरं कुणी सांगेल, आकडा परत खाली आणा. चालेल, प्ले स्टोअरची पुढची मुदत येईपर्यंत. तिसरं उत्तर परवानगी मागायला सांगेल आणि तिथंच थांबेल. एजंटानं घाईत 'नको' दाबलं तर काय, हे त्यात नसेल, ते तुला लिहावं लागेल.

आणि सापडलं की लिहून ठेव. कोडातल्या त्या ओळीवर कारण लिही, बदलाच्या नोंदीत लिही, आणि ऑफिसच्या मदतवहीत एजंटाच्या शब्दांत लिही : 'नव्या फोनवर मशीन पावती सोडत नाही.' दीड वर्षानं हाच प्रश्न परत येईल, तेव्हा तो शोधणारी बहुतेक तूच असशील, आणि त्या वेळी तुला हे काही आठवत नसेल.

सरांना उलट बोलू नकोस. पुढच्या वेळी काही सापडलं की वही घेऊन स्वतःहून त्यांच्या टेबलाशी जा आणि कारण समजावून सांग. त्यांना काळजी बहुधा ही आहे, की पोरं न समजता उचलून चिकटवतात. ती काळजी खोटी नाही. समजून केलंयस एवढं त्यांना दिसू दे.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र निपाणीत दूध संकलनाचं अ‍ॅप चालवतो. परवा सहज आमच्या अ‍ॅपचं नाव शोधलं, तर आमच्या पानाच्या खालोखाल 'कस्टमर केअर' म्हणून भलत्याच कुणाचा मोबाइल नंबर! एका उत्पादकानं तिथं फोन केला. त्यांनी त्याला स्क्रीन दाखवणारं एक अ‍ॅप उतरवायला लावलं आणि खात्यातले पैसे गेले. आमची चूक काय? आता काय करायचं? — दोन वाचक, निपाणी

उत्तर : पैसे गेलेत त्यांचं आधी. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन, गृह मंत्रालयाच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि बँकेला लेखी कळवणं, हे तिन्ही त्याच दिवशी व्हायला हवं होतं. झालं नसेल तर हे वाचता वाचता उठा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, ग्राहकानं स्वतः माहिती देऊन टाकली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्या अंगावर येतं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या. म्हणून इथं तासाला किंमत आहे. तो फोनही तपासा. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप अजून त्यात असेल तर ओटीपी आला की तोही पलीकडे दिसणार.

चूक चोरांची आहे. पण त्या उत्पादकाला फोन करायची वेळ का आली, हे तुम्ही स्वतःला विचारा. मी तुमच्यासारखंच एक अ‍ॅप पाहिलं होतं. सकाळी सहाला डेअरीत रांग, फॅट लागलेलं, लिटर लागलेले, आणि पडद्यावर 'एरर ५००'. दूध नोंदलं गेलं की नाही? ऑपरेटरनं परत नोंदवलं. एकाच माणसाचं दूध दोनदा. खरं तर नोंद झालेली होती, एसएमएस तेवढा गेला नव्हता. तिथं असं लिहिलेलं असतं तर : 'दुधाची नोंद झाली. एसएमएस गेला नाही. दूध परत नोंदवू नका.' आणि त्याच्याच खाली तुमचा फोन नंबर, तर कुणी नेटवर नंबर शोधायला गेलं असतं का? माणूस बाहेर शोधायला जातो, कारण जिथं अडलं तिथं त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं.

तेव्हा नंबर तीन ठिकाणी घाला : चुकीच्या प्रत्येक संदेशाखाली, दुधाच्या पावतीवर, आणि डेअरीच्या भिंतीवरच्या कागदावर. तुमच्या मदतीच्या पानावर 'कस्टमर केअर नंबर' हे शब्द जसेच्या तसे लिहा, कारण लोक तेच टाइप करतात. तुम्ही तिथं 'संपर्क' लिहून ठेवलं असणार. गावाचं नावही लोक लिहितात तसं सगळं लिहा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, तरी आपली माणसं बेळगाव शोधतात आणि लांबची बेलगाम. खोट्या नंबरची तक्रार सर्च इंजिनाकडे करा, आणि एकदा करून थांबू नका, कारण तो दुसऱ्या नावानं परत येतो. दर आठवड्याला शोधा, पण स्वतःच्या फोनवरून नको. तुमचा फोन तुम्हाला ओळखतो आणि तुमचंच पान वर दाखवतो. डेअरीतल्या कुणाच्या तरी फोनवर शोधा, म्हणजे उत्पादकाला काय दिसतं ते दिसेल.

त्या उत्पादकाच्या घरी दोघंही जाऊन या. फोनवर नको.

प्रश्न : अडलं की मी लॉगचं अख्खं पान उचलून शोधपेटीत किंवा एआयला चिकटवतो. काम लवकर होतं. चालतं ना? — एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नाही चालत. आजपासून बंद करा. लॉग म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या कामाची ठेवतं ती नोंदवही. तुमच्या लॉगमध्ये काय काय असतं ते एकदा निवांत वाचा : खातेदाराचं नाव, मोबाइल, खाते क्रमांक, कदाचित बारा आकडी आधार, आणि वरच्या ओळीत डेटाबेसचा पासवर्डसुद्धा. हे तुमचं नाही, खातेदाराचं आहे. २०२३ मध्ये व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा झालाय. पण कायदा नसता तरी, आपल्या शेजाऱ्याचं पासबुक आपण चौकातल्या फलकावर लावलं असतं का? लॉगमध्ये हे मुळातच पडू देऊ नका, आणि बाहेर नेताना चुकीची तेवढी ओळ न्या. शोधही त्यानंच चांगला लागतो. तुमच्या फोल्डराचं नाव जगात दुसऱ्या कुणाकडे नसतं, मग ते शोधून काय मिळणार?

एआयबद्दल एक. अँड्रॉइडबद्दल, डेटाबेसबद्दल त्याला विचारा, पुष्कळदा नीट सांगतं. तुमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र त्यानं काही वाचलेलं नसतं, तरी ते ठामपणे सांगतं, आणि नसलेल्या सेटिंगचं नावही देतं. मिळालेलं उत्तर मूळ कंपनीच्या कागदपत्रांशी ताडून बघा.

प्रश्न : आमच्या अ‍ॅपमध्ये ल आणि श हिंदीसारखे उमटतात. ग्राहक म्हणतात, हे आमचं मराठी नव्हे. कुठला शब्द टाकून शोधू? — एक वाचक, चिकोडी

उत्तर : ग्राहकांनी हे बोलून दाखवलं याचा मला आनंद झाला. दोन राज्यांच्या शिवेवर राहून ल कसा दिसतो याकडे त्यांचं लक्ष आहे.

आपला तो पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही हीच नावं आहेत. हिंदीचा ल दांडीचा. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही लंना एकच क्रमांक, ०९३२. कुठला आकार दाखवायचा ते फाँट ठरवतो, आणि मजकुराची भाषा कुठली हे त्याला सांगितलं असेल तरच तो मराठी आकार काढतो. तुमच्या पानाची भाषा बहुतेक हिंदी लावलेली आहे किंवा लावलेलीच नाही. ती मराठी करा, म्हणजे भाषेच्या खुणेत एम आणि आर ही दोन इंग्रजी अक्षरं. फाँट दोन्ही आकार असलेला घ्या. नोटो सान्स देवनागरीत ते आहेत. शोधायचा शब्द 'लोकलाइज्ड फॉर्म्स', आणि फाँटमधल्या त्या सोयीचं चार अक्षरी नाव एल-ओ-सी-एल. या शब्दाशिवाय तुम्ही वर्षभर शोधलं असतं तरी मिळालं नसतं, म्हणून हा वहीत लिहून ठेवा.

कन्नड मजकुराला त्याच खोक्यात मराठी म्हणून कोंबू नका. त्याची भाषा वेगळी नोंदवा. तुमच्याकडच्या निम्म्या खातेदारांची नावं मराठी आणि सही कन्नडमध्ये असणार, तर दोन्ही नीट दिसायला हवीत.

प्रश्न : मी शहापूरचा, आयुष्य मागावर गेलं. मुलगा घरून काम करतो. त्याच्या पडद्यावर जेव्हा बघावं तेव्हा काहीतरी शोधणं चाललेलं. स्वतःच्या कामातलं त्याला ठाऊक नाही काय? पगार कशाचा देतात? — एक वडील, शहापूर, बेळगाव

उत्तर : दादा, तुम्हाला एक विचारू? नवं बीम चढवताना जुन्या सुताला नवं सूत एकेक करून सांधता, तेव्हा लांबून बघणाऱ्याला काय दिसत असेल? माणूस वाकून बसलाय आणि माग बंद आहे. कापड तर काही निघत नाही. पण ती सांधणी चुकली तर पुढचं सगळं कापड वाया, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमचा मुलगा शोधतो तेव्हा त्याचा माग बंद दिसतो. त्याचं सूत दुसऱ्या कुणीतरी कातलेलं असतं, कधी अमेरिकेत, कधी बेंगळुरात, आणि ते अधूनमधून बदलतं. कुठला धागा कुठं जोडायचा ते त्याला दरवेळी बघावं लागतं.

एखाद्या रविवारी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. "आज काय सापडलं?" एवढंच विचारा. तो सांगेल, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त कळेल. आणि कांडी संपत आली की मागाचा आवाज कसा बदलतो, हे त्याला कधी सांगितलंय का? तेही सांगा. हे त्याला नेटवर कुठंही सापडणार नाही.